एका फरशीवरचा नाच

पनागरचा मटार संपत आला की आमच्या जबलपूरच्या घमापुर बाजारातला हिरवा रंग पातळ होत जातो. थंडीभर हातगाड्यांवर शेंगांचे ढीग असतात, बायका भाव करता करता एखादी शेंग फोडून तोंडात टाकतात, आणि मग एका दुपारी त्याच गाड्यांवर काकड्या आणि टरबुजं येऊन बसतात. कडुनिंबाची पानं गल्लीभर पडतात. कॉलेजच्या फलकावर परीक्षेचं वेळापत्रक लागतं. संध्याकाळी विहाराच्या अंगणातून जयंतीच्या सरावाचा ढोल ऐकू येतो आणि पुस्तकातल्या ओळी त्या ठेक्यावर हलायला लागतात. हा ऋतू मला फार आवडायचा. परीक्षेची भीती आणि ढोल यांचं ते मिश्रण मी वर्षभर वाट बघावी असं होतं.

दोन वर्षं झाली, या ऋतूत मला राग येतो.

गेल्या आठवड्यात आई पोळ्या लाटत होती, मी इतिहासाच्या नोट्स घेऊन बसले होते, आणि टीव्हीवर ती जाहिरात लागली. जांभळे झोत, धूर, आणि तोच जाड आवाज. "देश का सबसे बड़ा डान्स का मंच, नए सीज़न के साथ! इस बार कहानियाँ होंगी और भी गहरी!" कहानियाँ म्हणाला तो. नाच म्हणाला नाही.

आईने लाटणं थांबवून माझ्याकडे बघितलं. "बंद करू काय?"

"नको."

"मग दात काहून खाऊन राहिली?"

मी दात खात होते हे मला माहीतच नव्हतं.

मला नाचाचं शास्त्र कळत नाही, हे आधीच सांगते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. बाबा रेल्वेत गँगमन आहेत, रुळांच्या देखभालीचं काम करतात. आईची शाळा चौथीत सुटली. मत मांडायची आमच्या घराला सवय नाही. वर्गात हात वर करताना माझी बोटं अजून अर्धीच उघडतात, आणि मराठी लिहिताना मध्येच हिंदी शब्द येऊन बसतो तो उठवावा लागतो. त्यामुळे मी लिहिते आहे ते चूकही असू शकेल. पण त्या कार्यक्रमाचा एकही भाग मी सोडला नाही. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीसुद्धा सोडला नाही. आणि त्या मंचावर काय चांगलं झालं नि काय वाईट, हे एवढं एक मी कुणासमोरही सांगू शकते.

त्या वर्षी आमच्या गल्लीतली प्रणाली त्या कार्यक्रमात गेली होती.

प्रणाली माझ्याहून थोडी मोठी. आमच्या घरासमोर तिचं घर. तिचे वडील, रामटेके काका, फॅक्टरीत पक्क्या नोकरीत आहेत. सायकलवर सरळ पाठीने बसून जातात, जणू मागे कुणी फोटो काढतो आहे. आई शोभाकाकू. प्रणाली कुठल्याच क्लासला गेली नाही. ती नाच शिकली तो आमच्या जयंतीच्या मिरवणुकीत, आणि ते कसं हे सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला कळणार नाही.

आमच्या मिरवणुकीची गाडी बाजाराच्या कोपऱ्यावर अडते. वळण अरुंद, गाडी लांब. ड्रायव्हर पुढे घेतो, मागे घेतो, कुणीतरी दुकानाचं छप्पर हाताने वर धरतं, कुणी "आने दो, आने दो" ओरडतं. या सगळ्यात ढोल थांबत नाही. आणि गाडीपुढे नाचणाऱ्या मुलींना पुढे जायला जागा नसते. मग जिथे उभ्या आहात तिथेच नाचायचं, वीतभर जागेत, शेजारणीच्या पायावर पाय न देता. त्याचा सराव म्हणून विहाराच्या अंगणात आमचा एक खेळ चालतो. अंगणात भेडाघाटकडून आणलेल्या संगमरवराच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची फरशी आहे. प्रत्येकीने एक फरशी धरायची. पाय रेघेबाहेर गेला की बाद. ढोल मध्येच थांबला की जशा असाल तशा थांबायचं. हललं की बाद. आमच्या गल्लीतली प्रत्येक मुलगी हा खेळ खेळली आहे. मीसुद्धा, आणि नेहमी पहिल्यांदा मीच बाद झाले आहे.

प्रणाली कधीच बाद व्हायची नाही. इतर मुली ढोल थांबला की थांबायच्या. ही त्याच्या किंचित आधी थांबायची. टाच उचललेली, खाली टेकलेली नाही, गुडघा वाकलेला, आणि मग तो शेवटचा ठोका यायचा, जणू तो धावत येऊन तिच्यापर्यंत पोचला. म्हाताऱ्या बायका ओट्यावर बसून म्हणायच्या, "ही पोरगी ढोलाले वाट पाहाले लावते, बाप्पा!" याहून चांगलं परीक्षण मी त्या कार्यक्रमाच्या एकाही परीक्षकाच्या तोंडून ऐकलं नाही.

पहिल्या निवड-फेरीत तिने हेच केलं. गाणं नाही, फक्त ढोल. मधल्या खुर्चीतले परीक्षक पुढे झुकले. एक बाई म्हणाल्या, "ये पैर कहाँ से लाई हो?" प्रणाली म्हणाली, "जबलपुर से." सगळे हसले. त्या दिवशी आमच्या गल्लीत फटाके वाजले. मी शपथेवर सांगते, तोपर्यंत तो कार्यक्रम चांगला होता. पाय बघून पायांबद्दल विचारलं होतं त्यांनी.

मग ते तिच्या घराचं शूटिंग करायला आले.

आदल्या दिवशी निरोप आला आणि रामटेक्यांच्या घरी लग्नाची गडबड सुरू झाली. काकांनी सुट्टी टाकून समोरच्या खोलीला फिकट निळा रंग मारला. आमचा दिवाण उचलून त्यांच्याकडे गेला, त्यावर नवी चादर. दारात पाणी शिंपडून रांगोळी. शोभाकाकूंनी नागपूरच्या लग्नातली जांभळी साडी नेसली. पोह्यावर घालायच्या तर्रीचा तिखट रस्सा सकाळपासून उकळत होता. फ्रीज ओल्या फडक्याने इतका पुसला होता की त्यात आपलं तोंड दिसावं. पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे हेच करतात. दुसरं काही करता येतं हे आम्हाला माहीत नव्हतं.

एक चष्मेवाली दीदी आली, मागे कॅमेरेवाले. ती दारातच थांबली. खोलीकडे बघून तिचा चेहरा पडला. खरंच पडला, मी दिवाणाच्या कोपऱ्याशी उभी होते.

"आंटी, ये सब... थोड़ा ज़्यादा हो गया," ती म्हणाली. "आप लोग जैसे रोज़ रहते हो ना, बस वैसे रहो."

काकू हसून म्हणाल्या, "रोज़ मेहमान थोड़ी आते हैं, बेटा. बैठो, पोहा खाओ."

पोहे सगळ्यांनी खाल्ले. दोनदा मागून खाल्ले. आणि मग घर उतरवायला सुरुवात झाली. पडदे निघाले. दिवाण बाहेर. ट्यूबलाइट बंद करून एक पिवळा बल्ब. फ्रीजवर जुनी चादर टाकली. काकूंना साडी बदलायला सांगितली. "कोई पुरानी सी, आंटी, घर वाली." मग दीदीला मागच्या अंगणात चूल दिसली. ती चूल थंडीत आंघोळीचं पाणी तापवायला आहे. तिच्यावर अन्न शिजलेलं माझ्या आठवणीत नाही. दीदीचा चेहरा उजळला. "परफेक्ट! आंटी, इसमें ज़रा फूँक मारो ना."

काकूंनी फुंकर मारली. धूर झाला, डोळ्यांतून पाणी आलं. कॅमेरा त्या पाण्याच्या अगदी जवळ गेला.

काका दिवसभर काही बोलले नाहीत. फक्त एकदा, समोरच्या भिंतीवरच्या, विहारात असतात त्याच दोन तसबिरी काढायला एक मुलगा स्टुलावर चढला, तेव्हा ते म्हणाले, "उतरो नीचे." आवाज चढवला नाही. मुलगा उतरला. दीदी म्हणाली, "कोई बात नहीं, एंगल बदल लेंगे." टीव्हीवर मग ती भिंत अर्धीच दिसली.

शनिवारी तो भाग लागला तेव्हा आम्ही सगळे रामटेक्यांच्याच खोलीत होतो. निळ्या रंगाचा वास अजून गेला नव्हता. प्रणाली मंचाजवळ उभी, आणि मागच्या पडद्यावर तिचं घर. उदास बासरी. चूल. धूर. काकूंचे डोळे. आणि तो जाड आवाज: "एक ऐसा घर, जहाँ दो वक़्त की रोटी भी एक सपना थी..."

खोलीत कुणी हललं नाही. काकूंच्या मांडीवर पोह्यांची ताटली होती. माझी आई डोळ्याला पदर लावून होती, तिला सगळं माहीत असूनही. मग रामटेके काका, टीव्हीवरची नजर न काढता, बायकोला म्हणाले, "शोभा, आपल्या घरी दोन टाइमाची पोळी नव्हती काय?"

काकूंनी मांडीवरची ताटली खाली ठेवली. मी आजही जेवायला बसले की कधीकधी तो प्रश्न ऐकू येतो. रागाचं एक ठिकाण असतं शरीरात. माझं तिथे आहे, पहिल्या घासाच्या आसपास.

त्या भागात प्रणालीला घमेलं दिलं होतं. डोक्यावर घमेलं, फाटकी ओढणी, आणि शेवटी गुडघ्यांवर पडून आकाशाकडे हात. माझं मत विचाराल तर तो नाच वाईट होता. प्रणालीने केला तरी वाईट. तिला पडायला येत नाही. तिला उभं राहायला येतं. त्यात ती एकदाही थांबली नाही, कारण थांबायला जागाच ठेवली नव्हती. पण परीक्षक रडले. मधले परीक्षक मंचावर चढून आले, तिच्या पाया पडल्यासारखं काहीतरी केलं. "रोंगटे खड़े हो गए!" पैकीच्या पैकी गुण. आणि गल्लीतले लोक म्हणाले, चलो, आता वोट पडतील. पडलेही. आमच्या नाक्यावरच्या न्हाव्याने दाढी अर्धी ठेवून गिऱ्हाइकांचे मोबाइल मागितले. "पहले वोट, फिर दूसरा गाल."

इतरांबद्दलही सांगते, म्हणजे मी फक्त आपल्या मुलीची बाजू घेते असं होणार नाही. एक मुलगा होता, वरून सोडलेल्या कापडाला लटकून फिरायचा. दर आठवड्याला उलटा, दर आठवड्याला टाळ्या. तो मेहनती होता, त्याच्याविषयी माझं काही म्हणणं नाही. पण एकदा मी टीव्हीचा आवाज बंद करून त्याला बघितलं. काही फरक पडला नाही. गाणं होतं की नव्हतं याच्याशी त्याच्या शरीराचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला मी कसरत म्हणेन. एक जोडी होती, त्यांच्या प्रत्येक नाचात धूर, पाऊस नाहीतर पिसं. पिसं खाली बसेपर्यंत नाच संपलेला असायचा. आणि एक कथक करणारा मुलगा होता, शांत, किडकिडीत. तो खरा. त्याच्या पायांवर कॅमेरा कधी थांबला नाही, पण घुंगरू ऐकू यायचे म्हणून तो बचावला. ऐकून तरी कळायचं की खाली काहीतरी अवघड चाललं आहे. तोही चौथ्या की पाचव्या आठवड्यात गेला. त्याच्या घरी दोघंही डॉक्टर होते. त्याची फिल्म कशाची काढणार?

प्रणालीच्या पायात घुंगरू नव्हते.

तिचा शेवटचा नाच. त्या आठवड्याचा विषय होता "अपनी मिट्टी". तिथल्या नाच बसवणाऱ्यांनी तिला दु:खी शेतकरीण सांगितली होती. ती म्हणाली, मी माझ्या गल्लीचं करेन. बरीच भांडणं झाली म्हणे. शेवटी तिला परवानगी मिळाली, आणि त्या अफाट मंचावर पांढऱ्या उजेडाचा एक चौकोन पडला. विहाराच्या फरशीएवढा. ती त्यात येऊन उभी राहिली आणि आमच्या खोलीतल्या सगळ्या मुली एकदम ओरडल्या. आम्हाला कळलं होतं. देशभरात फक्त आम्हाला कळलं होतं की आता काय होणार.

ढोल सुरू झाला. आणि कॅमेरा वर गेला. छतापाशी. वरून मंच दिसला, मध्ये ठिपक्याएवढी प्रणाली. मग परीक्षकाचा चेहरा. मग प्रेक्षकांत बसवलेल्या शोभाकाकू, कार्यक्रमवाल्यांनी दिलेल्या करड्या साडीत. मग प्रणालीचा चेहरा, घाम. मग पुन्हा काकू. मग, माझा विश्वास बसला नाही, पुन्हा ती चूल. नाच चालू असताना तीच जुनी चूल! ढोल चढत होता. मला तो तुकडा पाठ होता, आता ती थांबणार, आता टाच वर राहणार, आणि पडद्यावर मधल्या परीक्षकांचे डोळे भरून येतात की नाही ते दाखवत होते.

"पाय दाखवा नं!" रामटेके काका ओरडले. ते त्या दिवशी ड्यूटीमुळे काकूंबरोबर मुंबईला, कार्यक्रमाला गेले नव्हते. ते उभे राहिले होते, टीव्हीच्या अगदी जवळ, बोट काचेला टेकवून. "अरे, पाय दाखवा बाप्पा! खाली घ्या, खाली!"

कुणी खाली घेतलं नाही. ढोल थांबला. ती कशी थांबली होती हे आम्ही पाहिलंच नाही. फक्त खांद्यावरून ओळखलं.

परीक्षक म्हणाले, "प्रणाली, इतना बड़ा मंच मिला है आपको, और आपने इस्तेमाल ही नहीं किया. एक ही जगह खड़ी रहीं." आणि बाजूच्या बाई, त्याच, ज्यांनी पहिल्या दिवशी पायांबद्दल विचारलं होतं, त्या म्हणाल्या, "वो दर्द नहीं दिखा जो पहले दिखता था."

मला त्या बाईंना विचारायचं आहे. दोन वर्षं विचारायचं आहे. आनंदाने नाचणाऱ्या मुलीत दर्द शोधायला तुम्ही का बसला होता? तिचं घर तुम्ही उतरवलंत, पडदे तुम्ही काढलेत, धूर तुम्ही केलात. तुमच्यापाशी तिची खरी म्हणता येईल अशी एकच गोष्ट आली होती, ती त्या चौकोनात होती, आणि तुम्ही म्हणालात की मंच वाया गेला. कोपऱ्यावर गाडी अडलेली असताना, पुढे जागा नसताना, ठेका न सोडता उभं राहणं म्हणजे काय, हे तुम्हाला माहीत नसेल, ठीक आहे. पण बघायचं तरी! खुर्ची तुम्हाला बघण्यासाठी दिली होती.

रविवारी ती बाहेर पडली. सूत्रसंचालकाने तिला जवळ घेतलं, आवाज ओला करून विचारलं, "घर जाकर सबसे पहले क्या करोगी?"

प्रणालीने माइक हातात घेतला. "गैस पे चाय बनाऊँगी," ती म्हणाली.

आमच्या खोलीत असा हशा उसळला की शेजारचे धावत आले. शोभाकाकू मुंबईत प्रेक्षकांत बसून हसत होत्या, तेही दिसलं. सूत्रसंचालकाला काही समजलं नाही. तो कॅमेऱ्याकडे वळून म्हणाला, "कितनी सादगी!"

त्या सीजनमधलं सगळ्यात चांगलं वाक्य ते होतं, आणि तेही वाया गेलं.

आता प्रणाली विजय नगरमध्ये एका क्लासात मुलींना नाच शिकवते. चांगलं शिकवते. आया पोरींना सांगतात, "दीदी टीवी पर आई थीं." मग हळूच, "वो, चूल्हे वाली." मागच्या दिवाळीत एका आईने तिला जुन्या कपड्यांची पिशवी आणून दिली. वाईट मनाने नाही; तेच तर जास्त लागतं. प्रणाली पिशवी घेऊन घरी आली आणि शोभाकाकूंनी ती दारातच ठेवायला सांगितली. घरात घेतली नाही.

हे सगळं मी आत्ताच का लिहिते आहे? जाहिरात लागली म्हणून, हे खरं. पण त्याच आठवड्यात कॉलेजातही काही घडलं.

आमच्या वार्षिक कार्यक्रमाचं बघणाऱ्या सरांनी मला बोलावलं. दुसऱ्या वर्षी मला इतिहासात वर्गात सगळ्यांत जास्त गुण होते. मला वाटलं, त्याबद्दल. सर म्हणाले, "तुम फ़र्स्ट जनरेशन हो ना? स्टेज पर पाँच मिनट बोलना है. अपना संघर्ष. लोगों की आँखें भर आनी चाहिए." मी "जी सर" म्हणाले. मग ते म्हणाले, "और पापा को ले आना. वो रेलवे वाली नारंगी जैकेट होती है ना, उसी में. सीधे ड्यूटी से आए हों, ऐसा. स्टेज पर गले लगना. बढ़िया मोमेंट बनेगा."

मी पुन्हा "जी सर" म्हणाले. सवयीने.

घरी बाबांना एवढंच सांगितलं की कॉलेजात बोलावलं आहे, मंचावर. दुसऱ्या दिवशी मामाच्या लग्नातला पांढरा शर्ट पेटीतून निघाला, नीळ दिली गेली, नाक्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून घडी होऊन आला. आई म्हणाली, "नवरदेव होऊन राहिले काय?" बाबा म्हणाले, "पोरीच्या कॉलेजात चाललो नं. असंतसं काय जाऊ?"

मी त्या शर्टाच्या घडीकडे बघत राहिले. मला फिकट निळ्या रंगाचा वास आला.

प्रणालीकडे गेले. तिला सांगितलं. तिने आधी हसून घेतलं. "रडायचं असलं तर सांग, मी शिकवते. धुरासमोर डोळे उघडे ठेवायचे, बस." मग म्हणाली, "मी तेव्हा नाही म्हणाली असती तर त्यांनी मले पहिल्याच आठवड्यात काढलं असतं. म्हणून नाही म्हटलं नाही. तरी काढलंच."

"मग मी काय करू?"

"तुले कायची भीती आहे? तुही पाच मिनटं जातील याची?"

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. बोटं अर्धीच उघडी. म्हणाले, "सर, पापा जैकेट में नहीं आएँगे. शर्ट में आएँगे. और मैं अपने सब्जेक्ट पे बोलूँगी, इतिहास पे. घर के बारे में नहीं." एवढी तीन वाक्यं मी रात्रभर पाठ केली होती. सरांना राग आला नाही. ते थोडे कंटाळल्यासारखे दिसले. "इतिहास पे कौन सुनेगा, बेटा? चलो, रहने दो. किसी और को देख लेते हैं." आणि त्यांनी दुसऱ्या मुलीला हाक मारली.

मी जिंकले नाही. हे नीट लिहून ठेवते, कारण अशा लेखांत शेवटी काहीतरी जिंकल्यासारखं होतं. माझी पाच मिनिटं गेली. इतिहासावर मी काय बोलणार होते हे कुणी विचारलं नाही. अजूनही त्या कॉलेजात मी गुणपत्रिकेपेक्षा बाबांच्या जॅकेटमुळे जास्त उपयोगी आहे. हा राग शांत व्हावा असं मला वाटतही नाही. तो असला की मला वाक्यं पूर्ण करता येतात.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी बाबा शर्ट घालून, केस विंचरून, चपला पुसून तयार बसले होते. सांगायचं मी पुढे ढकलत आणलं होतं. मग सांगितलं. सगळं. जॅकेटचंही.

बाबा शर्टाच्या बटणाशी खेळत राहिले. मग म्हणाले, "चूल तर नाही नं मागितली त्यांनी?"

मला हसू आलं आणि रडूही. आई आतून म्हणाली, "मी तर गॅसची शेगडीबी पुसून ठेवली होती, कोणी आलं तर!"

"आता शर्ट घातला तर घातला," बाबा उठले. "चल. ढोल वाजून राहिला."

विहाराच्या अंगणात जयंतीचा सराव चालू होता. लहान लहान मुली आपापल्या फरशीवर उभ्या, जिभा दाताखाली धरून. प्रणाली त्यांच्यामधून फिरत होती. "रेघ बघू नको, ढोल ऐक. तू त्याच्यासाठी नको थांबू, त्याले तुह्यासाठी थांबू दे." रामटेके काका ओट्याजवळ उभे होते. बाबांचा शर्ट बघून कुणीतरी त्यांच्यासाठी मागच्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. "बसा, बसा, पाहुणे!"

बाबा बसले. ढोल चढायला लागला. त्यांनी मान इकडे केली, तिकडे केली. समोर उभ्या बायांच्या पाठी होत्या. मग ते उठले, बायांना "ज़रा, ज़रा" म्हणत पुढे गेले, आणि इस्त्रीच्या शर्टासकट सरळ जमिनीवर बसले, पहिल्या फरशीच्या समोर, धुळीत.

"अहो, शर्ट!" आई ओरडली.

"राहू दे," बाबा म्हणाले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "तिथून पाय दिसत नव्हते."